सारख्या दिसणाऱ्या दोघी

लंडन शहरांत टेट ब्रिटन नांवाचें चित्रसंग्रहालय आहे. तेथील एका जुन्या चित्राची रंगीत प्रत परवां एका ग्रंथांत आमच्या पाहण्यांत आली. मूळ चित्र इ. स. १६०० ते १६१० च्या सुमाराचें असून लांकडी फळीवर तैलरंगांत काढलेलें आहे. त्याची उंची तीन फुटांहून किंचित् कमी व रुंदी साडेपांच फुटांहून अधिक आहे. चित्रकाराचें नांव कोणासही ठाऊक नाहीं. १९५५ सालीं ज्यानें तें संग्रहालयास अर्पण केलें, त्यानेंही आपलें नांव प्रकट होऊं दिलें नाहीं.

चित्रांत दोन स्त्रिया एकाच शय्येवर शेजारीं शेजारीं बसल्या आहेत. समाधीवरील दगडी मूर्तींसारख्या ताठ. प्रत्येकीच्या हातांत तांबड्या वस्त्रांत गुंडाळलेलें तान्हें मूल आहे. चित्रावर सोनेरी अक्षरांत एक लेख आहे. त्याचा भावार्थ असा कीं, चमली घराण्यांतील ह्या दोघी एकाच दिवशीं जन्मल्या, एकाच दिवशीं विवाहबद्ध झाल्या व एकाच दिवशीं प्रसूत झाल्या. घराण्याचें नांव आहे. त्या दोघींचीं नांवें मात्र लेखांत नाहींत.

प्रथमदर्शनीं वाटतें, चित्रकारानें एकच स्त्री दोनदां काढली. परंतु घटकाभर पाहत राहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, दोघींच्या डोळ्यांचे रंग निराळे आहेत. झालरींची वीण निराळी, अलंकार निराळे. बालकांचे डोळेसुद्धां एकसारखे नाहींत!

हें पाहतांना आमचें मन ओशाळलें. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत दोन जुळ्या बहिणी होत्या. जें नांव जिभेवर येई त्यानें आम्ही दोघींपैकीं कोणासही हांक मारीत असूं. वर्ग हंसे, त्याही हंसत. आम्हांस वाटे, त्यांनाही गंमत वाटते. एके दिवशीं एकीनें गणितें केलीं नव्हतीं म्हणून आम्ही दुसरीलाच बांकावर उभें केलें. ती तासभर निमूटपणें उभी राहिली. तास संपल्यावर वही पाहिली, तों सर्व गणितें बरोबर!

“अग, मग सांगितलें कां नाहींस?”

“बाई, मागें दोनदां सांगितलें होतें. तुम्ही म्हणालांत, दोघी सारख्याच.”

त्याच क्षणीं क्षमा मागावयास हवी होती. आम्ही वही परत दिली आणि “बरें, जा आतां” एवढेंच म्हणालों. पुढें त्या शाळा सोडून गेल्या. दोघींपैकीं एकीच्या भुवईवर लहानसा व्रण होता. ती कोणती, हें आम्हांस आजही सांगतां येत नाहीं.

चारशें वर्षांपूर्वींच्या त्या अनामिक चित्रकारास दोघी सारख्याच रंगवून मोकळें होतां आलें असतें. जन्म, विवाह, अपत्य, सर्व एका दिवशींचें. कोण तपासणार होतें? तरी त्यानें प्रत्येकीचे डोळे निरखून पाहिले.

बालमित्रांनो, तुमच्या बांकावर शेजारीं बसणाऱ्याच्या डोळ्यांचा रंग कोणता, हें तुम्हांस ठाऊक आहे काय? आणि पालकहो, तुमचें मूल इतरांसारखें दिसलें तरी तें निराळें आहे, हें आम्हां शिक्षकांस वेळोवेळीं सांगत जा. आतां हजेरी घेतांना आम्ही प्रत्येक नांवापाशीं थांबतों व मान वर करून पाहतों. हजेरीस थोडा अधिक वेळ लागतो. तो लागूं द्यावा.