तारीख मिळेपर्यंत

2019 मध्ये माझ्या कमरेचं ऑपरेशन झालं. चकती सरकून शिरेवर दाब आला होता. तो दाब निघाला, जखम भरली, नंतरचा एमआरआयही चांगला आला. पण डाव्या पायातली आग काही गेली नाही. मांडीच्या मागून पोटरीपर्यंत भाजल्यासारखं व्हायचं. रात्री पायावर पांघरूण सहन होत नसे. प्रीगाबालिनच्या गोळ्यांनी दुखणं थोडं दबायचं, पण दिवसभर गुंगी असायची आणि पावलं सुजायची. मणक्यात इंजेक्शनं घेतली, फिजिओथेरपी केली. "ऑपरेशन चांगलं झालंय ना, मग अजून कसं दुखतं?" असं इतक्या जणांनी विचारलं की मी दुखण्याबद्दल बोलणंच सोडलं.

शेवटी भाच्याने पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पेन क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतली. तिथल्या डॉक्टरांनी स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटरबद्दल सांगितलं. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक तारा सरकवतात आणि कमरेच्या खाली कातडीच्या आत बॅटरी बसवतात. तिच्या हलक्या करंटमुळे दुखण्याची जाणीव मेंदूपर्यंत कमी पोचते. माझ्या यजमानांना वाटलं, हा आपल्यावर काहीतरी नवा प्रयोग चाललाय. डॉक्टर म्हणाले, "काका, पहिला स्टिम्युलेटर अमेरिकेत 1967 साली बसवला. नवं काही नाही."

पक्कं यंत्र बसवण्याआधी ट्रायल करतात. त्याच्याही आधी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तेव्हा मनाला लागलं. आपलं दुखणं खोटं वाटतंय की काय, असं वाटलं. पण ही तपासणी या ऑपरेशनआधी करतातच, आणि पुढे विमा कंपनीने तोच रिपोर्ट मागितला. कुणाला पाठवलं तर नाही म्हणू नका.

ट्रायलच्या वेळी पालथं झोपवून, जागा बधिर करून सुईतून तारा आत घातल्या. मी जागी होते. डॉक्टर विचारायचे, "मुंग्या कुठे येतायत? अजून खाली?" नेमक्या दुखऱ्या जागी मुंग्या आल्या तेव्हा माझ्या तोंडून "हां, इथेच!" असं जोरात निघालं. तारा पाठीवर चिकटपट्टीने बसवल्या, करंट देणारी डबी कमरेला बांधली, आणि आठवडाभर दुखण्याची वही लिहायला सांगितली. दुखणं निम्म्याने कमी झालं तर ट्रायल यशस्वी धरतात. माझं त्याहून जास्त कमी झालं. भाच्याच्या घरी मी ओट्याशी उभी राहून सगळ्यांच्या पोळ्या केल्या, मधे एकदाही न बसता. सलग झोप लागली. पांघरूण घेऊन.

मग तारा काढल्या. ओपीडीतच, काही मिनिटांत. पुण्याहून कराडला परत येताना खंबाटकी घाट उतरेपर्यंत पाय पुन्हा पेटला होता. त्यानंतरची वाट पाहणं सगळ्यात कठीण गेलं, हे मुद्दाम सांगते. आधी मी त्या दुखण्याला सरावले होते. आता ते नसलं की कसं वाटतं, हे कळलं होतं.

निघताना डॉक्टरांच्या ऑफिसमधून सांगितलं होतं, "दोन-तीन आठवड्यांत तारीख देऊ. आम्हीच फोन करू." फोन आला नाही. महिना उलटल्यावर आम्ही केला. ऑफिसमधली मुलगी म्हणाली, फाइल इन्शुरन्स डेस्ककडे आहे. डेस्कवाले म्हणाले, डॉक्टरांचं पत्र आलेलं नाही. यंत्राच्या कंपनीचा माणूस म्हणाला, हॉस्पिटलची ऑर्डर आल्याशिवाय यंत्र मागवता येत नाही. सगळे नीट बोलायचे, कुणी तुसडेपणा केला नाही. पण प्रत्येकाला वाटत होतं की कागद दुसऱ्याकडे आहे. या दिवसांत मी नणंदेच्या मुलीच्या लग्नालाही गेले नाही. तेवढ्यात तारीख आली तर, ही भीती. न्हाणीघरात जाताना फोन ह्यांच्या हातात देऊन जायचे.

भाच्याच्या ऑफिसातल्या एकाने सुचवलं की हॉस्पिटलला विचारू नका, टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीचे क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, हेल्पलाइनला क्लेम नंबर सांगून विचारा. तिथे लगेच कळलं. विमा कंपनीने केव्हाच क्वेरी काढली होती आणि ती हॉस्पिटलच्या उत्तराची वाट पाहत पडून होती. आधीच्या ऑपरेशनचे कागद, त्यानंतर काय काय उपचार केले, ट्रायलचा निकाल, मानसोपचारतज्ज्ञांचा रिपोर्ट आणि यंत्राचं कोटेशन, एवढं मागितलं होतं. कोटेशन सोडलं तर बाकी सगळं माझ्या कपाटात होतं.

ती क्वेरी आम्ही लेखी मागून घेतली. डिस्चार्ज कार्डं, इंजेक्शनांच्या नोंदी, गोळ्यांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या आणि दुखण्याच्या वहीची झेरॉक्स जोडली. मग फक्त या कामासाठी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. फी गेली, पण ती सार्थकी लागली. डॉक्टरांना क्वेरीचा पत्ताच नव्हता. त्यांनी पत्र समोरच डिक्टेट केलं, सही केली. भाचा ते घेऊन थेट डेस्कवर गेला आणि अपलोड होईपर्यंत तिथेच उभा राहिला.

विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकात कॅशलेसच्या अर्जावर तासाभरात निर्णय द्यायला सांगितलंय. ते आम्ही डेस्कवर दाखवलं. उत्तर मिळालं की तो तास कागद पूर्ण झाल्यावर सुरू होतो. म्हणजे अडकतं ते कागद पूर्ण होण्यातच. नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर टाकायला तक्रार लिहून ठेवली होती, पण ती टाकायची वेळ आली नाही. पत्र गेल्यावर मंजुरी लवकर आली.

मंजुरी म्हणजे तारीख नाही, हे पुढे कळलं. हे ऑपरेशन तातडीचं धरत नाहीत. ठरलेल्या दिवशी अपघाताची केस आली आणि माझं नाव ओटी लिस्टमध्ये खाली गेलं. उपाशी पोटी परत यावं लागलं. पुढच्या वेळी लघवीच्या तपासणीत इन्फेक्शन निघालं. अंगात कुठेही इन्फेक्शन असताना यंत्र बसवत नाहीत, कारण जंतू यंत्रापर्यंत पोचले तर ते काढावं लागतं. डॉक्टरांचं बरोबरच होतं. तरी मी गाडीत बसून खूप रडले. ह्यांनी गाडी सुरू केली नाही, माझं होईपर्यंत थांबले.

मंजुरीपत्रावर मुदत असते. भूलतज्ज्ञांचं फिटनेस आणि रक्ताचे रिपोर्टही जुने झाले की पुन्हा करावे लागतात. म्हणून मी पेन क्लिनिकच्या सिस्टरांकडे गेले आणि विचारलं, यातलं कुठलं कधी संपतं ते एका कागदावर लिहून द्या. त्यांनी दिलं. वर म्हणाल्या, "काकू, रोज फोन नका करू, तो कोणीही उचलतं. दर सोमवारी सकाळी मला मेसेज टाका. ओटीची लिस्ट तेव्हा माझ्या हातात असते." मेसेजात नाव, केस पेपरचा नंबर, ट्रायलची तारीख आणि मंजुरीची मुदत, एवढंच लिहायचे. त्या बाईंमुळे माझं काम झालं. मुदत संपत आली तेव्हा ती वाढवून घ्यायची आठवणही त्यांनीच डेस्कला केली.

मधल्या काळात दुखणं वाढलं की एखादी गोळी जास्त घ्यावीशी वाटायची. घेतली नाही. क्लिनिकला कळवलं, त्यांनी डोस बदलून दिला. प्रीगाबालिन एकदम बंदही करू नये, असं त्यांनी बजावलं होतं.

ऑपरेशन झालं. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, आणि जाईल असं मला कुणी सांगितलंही नव्हतं. ट्रायलइतका आराम आहे, गोळ्या कमी झाल्यात. सुरुवातीचे काही आठवडे वाकायचं नाही, वळायचं नाही, जड उचलायचं नाही, नाहीतर तारा सरकतात. केर काढायला आणि पाणी भरायला माणूस लावला. एमआरआय लागलाच तर कुठल्या मशीनवर चालेल, हे मी यंत्र ठरवतानाच विचारून घेतलं होतं. त्या बाबतीत यंत्रांचे प्रकार असतात.

आणखी एक. गल्लीतल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात खांद्यासाठी गेले तेव्हा तिथली मुलगी शॉर्टवेव्ह डायथर्मीचं मशीन लावायला निघाली. हे यंत्र असताना ते शेकणं अंगावर कुठेही चालत नाही. तारा तापून आतून भाजू शकतं. मी तिला यंत्राचं कार्ड दाखवलं. तिने मशीन बाजूला सारलं आणि खांद्याचे व्यायाम शिकवले.