शिंगाचा रंग

चांदूर रेल्वेच्या आमच्या घरी ओसरीत सांबरशिंगं टांगलेली होती, आजाच्या वडलांच्या काळातली. १९७२चा कायदा आल्यावर आजानं वनखात्याचा दाखला काढला. उन्हानं शिंगं पांढरीफटक पडली होती. पोळ्याला बैलांच्या शिंगांचा रंग उरला, तो मी त्यांना लावायला निघालो.

"थांब बे! हाडच ते, त्याले सोताचा रंग नसते. झाडाले घासू घासू सालीचा रस चढते," आजा म्हणाला.

मग बाभळीची साल उकळली, फडक्यानं दोन-तीन हात दिले. टोकं तशीच ठेवली. ती घासून उजळच असतात.

आजा गेल्यावर बाबांनी शिंगं वनखात्यात जमा केली. आता पोहरा-माळखेडच्या जंगलात साल निघालेलं झाड दिसलं, की मी थांबतो.