अर्धवट बसलेला भाग

संगणकाच्या दुरुस्तीच्या कामात ‘बसणे’ हे साधे क्रियापद एका नेमक्या अर्थाने वापरले जाते. ‘रॅम बसली’, ‘कार्ड नीट बसलेले नाही’, ‘प्रोसेसर काढून परत बसवून पाहा’ असे जेव्हा बोलले जाते, तेव्हा त्या भागाच्या कडेचा किंवा तळाचा प्रत्येक धातूबिंदू समोरच्या धातूबिंदूला पुरेशा दाबाने टेकला आहे की नाही, हे त्यातून सांगायचे असते. व्यावसायिक वर्कस्टेशनमध्ये सुटे भाग बसवण्याचे आणि बदलण्याचे बहुतेक शास्त्र या एका शब्दात सामावलेले आहे. मुळीच न बसलेला भाग फारसे नुकसान करत नाही, कारण यंत्र सुरूच होत नाही आणि चूक लगेच ध्यानात येते. घात होतो तो अर्धवट बसलेल्या भागाने, कारण तो काम करत राहतो.

वर्कस्टेशन म्हणजे एकाच व्यक्तीच्या टेबलाशी असणारा, परंतु दिवसचे दिवस पूर्ण भाराने चालण्यासाठी घडवलेला संगणक. पुण्याच्या वाहन उद्योगातील आरेखन विभाग, मुंबईत चित्रपटांचे दृश्यपरिणाम तयार करणारे स्टुडिओ, इमारतींच्या सांगाड्यांची गणिते करणारे सल्लागार अभियंते यांच्याकडे ही यंत्रे रात्रंदिवस चालू असतात. घरगुती संगणकात मेमरीकडे जाणाऱ्या वाहिन्या सहसा दोन असतात, येथे त्या चार किंवा आठ असतात. ग्राफिक्स कार्डांसाठी आणि डिस्कसाठी लागणाऱ्या, माहितीची ने-आण करणाऱ्या मार्गिकाही येथे कितीतरी अधिक असतात. आणि मेमरीत उद्भवलेली चूक स्वतःहून दुरुस्त करण्याची सोय येथे गृहीत धरलेली असते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६०मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणक निर्वात नळ्यांवर चालत असे, आणि अशा नळीतील तंतू तुटला की ती विझलेली दिसते. आजच्या यंत्रातील दोषाला असा उजेड-अंधार नाही, त्यामुळे तो होऊच नये अशी काळजी भाग बसवतानाच घ्यावी लागते.

पहिली काळजी स्थिर विद्युतभाराची. कोरड्या हवेत सतरंजीवरून चालताना किंवा खुर्चीवरून उठताना शरीरावर काही हजार व्होल्टचा भार साचू शकतो, आणि बोटाला झटका जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे. अर्धवाहकाचे काही नाजूक घटक मात्र शंभर व्होल्टच्या आतल्या भारानेही दुखावतात. म्हणजे झटका जाणवला नाही, तेव्हा काही घडले नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यातही वाईट प्रकार सुप्त इजेचा असतो, ज्यात घटक तत्काळ मरत नाही, केवळ दुबळा होतो आणि काही महिन्यांनी ऐन कामाच्या वेळी दगा देतो. कोकणातल्या दमट हवेत हा भार लवकर विरून जातो, तर विदर्भातल्या उन्हाळ्यात किंवा वातानुकूलित खोलीत तो टिकून राहतो; म्हणून एका ठिकाणी उघड्या हातांनी निभावलेले काम दुसरीकडे निभावेलच असे नाही. यावर उपाय मनगटपट्ट्याचा आहे. या पट्ट्याच्या तारेत दहा लाख ओहमचा रोध मुद्दाम घातलेला असतो, ज्यामुळे साचलेला भार हळूहळू जमिनीत जातो, आणि चुकून २३० व्होल्टच्या तारेला स्पर्श झालाच तरी शरीरातून एक मिलिअँपिअरच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी प्रवाह वाहतो.

पट्टा जोडायचा कशाला, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. एसएमपीएसची, म्हणजे विद्युतपुरवठ्याच्या पेटीची, केबल भिंतीत ठेवून केवळ बटण बंद केले तर कॅबिनेटला आपोआप अर्थिंग मिळते, असे एक मत आहे, आणि ज्या देशांत प्रत्येक सॉकेटचे अर्थिंग खात्रीचे असते तेथे ते मान्य करता येईल. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत सॉकेटचे तिसरे भोक पुष्कळदा शोभेपुरतेच असते, बटणही काही वेळा फेजऐवजी न्यूट्रल तोडते. म्हणून केबल पूर्ण काढावी, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धारित्रांत उरलेला भार संपवावा, मदरबोर्डवरचा बारीक दिवा विझल्याचे पाहावे आणि पट्टा तपासून घेतलेल्या अर्थिंगला जोडावा, हाच मार्ग येथे अधिक सुरक्षित म्हणावा लागतो. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत घरचा व्हॅक्यूम क्लीनर उघड्या मदरबोर्डवर फिरवण्याची पद्धतही सोडायला हवी, कारण त्याच्या प्लॅस्टिकच्या तोंडाशी हवेच्या घर्षणाने स्थिर भार तयार होतो. धूळ ब्लोअरने उडवावी, आणि ती उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे.

मेमरी हा सर्वांत सोपा भाग समजला जातो, आणि बहुधा त्यामुळेच त्यात सर्वाधिक चुका होतात. वर्कस्टेशनच्या मेमरीत ६४ माहितीबिटांबरोबर ८ तपासणीबिट साठवलेले असतात, ज्यांच्या आधारे एक बिट उलटला तर तो दुरुस्त करता येतो आणि दोन उलटले तर निदान चूक झाल्याचे कळते. या कल्पनेचा पाया बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५०मध्ये घातला. डीडीआर-५ या पिढीत पट्टी ३२-३२ बिटांच्या दोन उपवाहिन्यांत विभागलेली असल्याने प्रत्येकीसाठी वेगळे तपासणीबिट लागतात. या पिढीच्या प्रत्येक चिपमध्ये अंतर्गत चूकदुरुस्ती असते, पण ती चिपच्या आतच संपते आणि चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या प्रवासात झालेली चूक तिला दिसत नाही; बाजारात या दोहोंची सर्रास गल्लत होते, आणि खरेदीदाराने ती आधीच स्पष्ट करून घेतली पाहिजे. दुसरी गल्लत रजिस्टरयुक्त आणि साध्या पट्ट्यांची. रजिस्टर म्हणजे आज्ञा आणि पत्ते मधल्यामध्ये अडवून पुन्हा जोमाने पुढे पाठवणारी चिप, जिच्यामुळे मेमरीच्या नियंत्रकावरचा विद्युतभार हलका होतो आणि अधिक मेमरी लावता येते. डीडीआर-४मध्ये दोन्ही प्रकारच्या पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये जात असत, पण एकत्र चालत नसत. डीडीआर-५मध्ये खाचेची जागाच वेगळी ठेवली आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक-बाजारात एखादी पट्टी ‘बसते’ असे दुकानदाराने सांगितले, तर त्या शब्दाचा अर्थ तेवढ्यापुरताच घ्यावा आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेतील यादी पाहावी.

पट्टी बसवताना दोन्ही टोकांवर सारखा, सरळ खाली दाब द्यायचा असतो आणि खटका आपणहून मिटेपर्यंत तो सोडायचा नसतो. खटका बोटाने ओढून मिटवला, तर पट्टी एका टोकाला केसभर वर राहिलेली असण्याचा संभव असतो. कोणते स्लॉट आधी भरायचे याचा क्रम प्रत्येक मदरबोर्डवर ठरलेला असतो, आणि तो मोडला तरी यंत्र चालते, फक्त चारांऐवजी दोन वाहिन्यांच्या वेगाने. येथे खोडरबराचाही उल्लेख करायला हवा. पट्टीच्या सोनेरी कडेवर खोडरबर घासून ती पुन्हा लावण्याचा उपाय आपल्याकडच्या प्रत्येक दुरुस्तीच्या टेबलावर चालतो, आणि त्याने गुण येतो हेही खरे आहे. परंतु तो गुण बहुतांशी पट्टी काढून परत लावल्याचा असतो, कारण आत सरकताना धातूवर धातू घासून संपर्क आपोआप स्वच्छ होतो. खोडरबर मात्र मायक्रॉनभरही जाड नसलेला सोन्याचा मुलामा झिजवतो आणि आपला चुरा स्लॉटमध्ये सोडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड यांनी तेच काम इजा न करता होते.

प्रोसेसरच्या बाबतीत संपर्काचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. मोठ्या वर्कस्टेशनचे प्रोसेसर ३५० वॅटपर्यंत वीज घेतात, आणि त्यांचे गाभे साधारण एका व्होल्टच्या दाबावर चालत असल्यामुळे तेथे शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो. एवढा प्रवाह वाटून घ्यायचा म्हणून संपर्कबिंदूंपैकी फार मोठा हिस्सा केवळ वीज आत आणण्या-नेण्यासाठी राखलेला असतो. इंटेलच्या एका वर्कस्टेशन सॉकेटमध्ये असे ४,६७७ बिंदू आहेत. ते मदरबोर्डवर केसासारख्या बारीक स्प्रिंगांच्या रूपात उभे असतात आणि प्रोसेसरच्या तळाच्या सपाट ठिपक्यांना टेकतात. बोटाचा किंवा कापडाचा ओझरता स्पर्शही त्यांना वाकवतो, आणि वाकलेली स्प्रिंग सरळ करणे हे भिंगाखालचे, पुष्कळदा निष्फळ ठरणारे काम असते. या सॉकेटमध्ये प्रोसेसर आधी एका चौकटीत अडकवून हीटसिंकलाच, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यालाच, जोडला जातो आणि मग दोन्ही मिळून सॉकेटवर उतरवून चार नट आवळले जातात. म्हणजे थंड करण्यासाठीचा दाब आणि विद्युतसंपर्कासाठीचा दाब हा येथे एकच दाब आहे. नट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडेथोडे करत, निर्मात्याने दिलेल्या पिळापर्यंत आवळायचे असतात. एक कोपरा आधी घट्ट झाला तर प्रोसेसर तिरपा बसतो, आणि ३२ जीबीच्या चार पट्ट्या असलेल्या यंत्रात १२८ऐवजी ९६ जीबी मेमरी दिसू लागते, कारण एका वाहिनीचे काही बिंदू टेकलेले नसतात. अशा वेळी मेमरीच्या पट्ट्या बदलण्यात तास जातात, पैसेही जातात, आणि दोष असतो तो हीटसिंकच्या नटांत.

त्याच सांध्यात थर्मल पेस्टही येते. प्रोसेसरचे झाकण आणि हीटसिंकचा तळ कितीही गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्म पातळीवर ते खडबडीत असतात, आणि मधल्या खळग्यांत अडकलेली हवा तांब्याच्या तुलनेत सुमारे पंधरा हजार पटींनी कमी उष्णता वाहून नेते. पेस्ट ही हवा हुसकावते. ती हवेपेक्षा शंभर-दोनशे पटींनी सरस असली तरी तांब्यापेक्षा पुष्कळ निकृष्टच असल्यामुळे जिथे धातू धातूला टेकतो तिथे तिची गरज नसते, आणि जाड थर दिला तर तिचीच आडकाठी होते. हीटसिंक एकदा उचलला की जुनी पेस्ट पूर्ण पुसून नवी लावलीच पाहिजे, कारण फुटलेला थर पुन्हा दाबला तर त्यात हवेचे कप्पे राहतात.

ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटमध्ये सोळा मार्गिका असतात, आणि कार्ड व संगणक सुरू होताना आपसांत किती मार्गिका नीट जुळल्या ते ताडून तेवढ्यांवर काम सुरू करतात. ही सोय मोठी आहे आणि धोकाही तिच्यातच आहे, कारण वजनाने किंचित झुकलेले कार्ड सोळाऐवजी आठ किंवा चारच मार्गिकांवर मुकाट्याने चालते आणि वापरणाऱ्याला केवळ काम संथ झाल्यासारखे वाटते. म्हणून कार्ड बसवल्यानंतर मागच्या पट्टीचे स्क्रू आवळावे, जड कार्डाला टेकू द्यावा आणि प्रत्यक्ष जुळलेल्या मार्गिकांची संख्या सॉफ्टवेअरमधून, कार्डावर भार असताना, वाचून घ्यावी. स्लॉट स्वतः ७५ वॅटपर्यंतच वीज देतो. उरलेली वेगळ्या केबलने येते. सोळा पिनांच्या नव्या जोडणीतून ६०० वॅटपर्यंत वीज जाऊ शकते, म्हणजे १२ व्होल्टवर ५० अँपिअर, आणि ते वीज आणणाऱ्या सहा पिनांत वाटले तर प्रत्येकीवर आठ अँपिअरहून अधिक. २०२२मध्ये ही जोडणी वितळल्याच्या घटना पुढे आल्या, तेव्हा ती पूर्ण आत न जाणे हे एक मुख्य कारण निघाले, आणि सुधारित रचनेत संकेताच्या चार लहान पिना मागे घेण्यात आल्या, जेणेकरून जोडणी अर्धवट असेल तर कार्डाने वीज घेऊच नये. अर्धवट बसलेल्या भागाला बोलते करण्याचा हा प्रयत्न संगणकाच्या रचनाशास्त्रातील अलीकडच्या सर्वांत शहाण्या सुधारणांपैकी एक मानायला हरकत नाही. याच संदर्भात सुट्या केबलींचा धोका सांगितला पाहिजे: एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी कोणत्याही मानकाने बांधलेली नाही, त्यामुळे एका पेटीची केबल दुसऱ्या पेटीत अचूक बसू शकते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट पाठवून सगळ्या डिस्क एका क्षणात जाळू शकते. पेटी बदलताना जुन्या केबली आतच ठेवण्याचा मोह कितीही झाला, तरी त्या काढाव्यातच.

डिस्क बदलण्याचे काम हाताला सोपे आणि डोक्याला अवघड असते. अनेक डिस्कचा संच करून एक गेली तरी माहिती टिकावी, ही रेडची कल्पना १९८८मध्ये बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडली. पण निकामी डिस्कऐवजी शेजारची चांगली डिस्क ओढली गेली तर अनेक संचांत सारेच संपते, म्हणून डिस्कवरचा अनुक्रमांक सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या अनुक्रमांकाशी जुळवल्याशिवाय हात लावू नये. मदरबोर्ड बदलण्याआधी डिस्क कूटबद्ध आहे का, हेही विचारावे लागते, कारण तिची किल्ली सहसा जुन्या मदरबोर्डवरच्या सुरक्षा-चिपशी बांधलेली असते, आणि बिटलॉकर या विंडोजमधील कूटबद्धीकरणाची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली हाताशी नसेल तर नव्या बोर्डावर ती डिस्क उघडणार नाही.

सर्व जोडून झाल्यावर पहिल्यांदा यंत्र सुरू करताना पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. डीडीआर-५ मेमरीचा नियंत्रक त्या काळात प्रत्येक तारेवरच्या संकेताची वेळ जुळवून घेत असतो, आणि मेमरी जितकी अधिक तितका हा वेळ लांबतो. घाबरून वीज तोडली की ती प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्यानंतर मेमरीची संख्या, वाहिन्या, कार्डाच्या मार्गिका आणि प्रोसेसरचे तापमान एका कागदावर लिहून घ्यावे, आणि १९९४पासून वापरात असलेल्या मेमटेस्ट-८६ या कार्यक्रमाने रात्रभर मेमरी तपासावी. चूकदुरुस्त मेमरीत एखादा बिट दुरुस्त झाला तर संगणक थांबत नाही, केवळ नोंद करतो. ती नोंद कुणी उघडून पाहिली नाही तर दुबळी पट्टी कित्येक महिने दुरुस्तीच्या आधारावर चालत राहते. म्हणून बदलताना काढलेला जुना भाग स्थिर भाररोधक पिशवीत, तो कोणत्या स्लॉटमधून आणि कोणत्या तारखेला काढला हे चिठ्ठीवर लिहून, निदान महिनाभर ठेवावा, आणि त्या महिन्याच्या शेवटी नोंदवहीतील चुकांचा आकडा पहिल्या दिवसाच्या आकड्याशी ताडून मगच तो भाग विकायला किंवा ई-कचऱ्यात द्यायला काढावा.