महाश्वेतेने ओळखले नाही

संपादकांनी यंदा ‘जन्मोजन्मीचे प्रेम’ हा विषय दिला, तेव्हा बाणभट्टाच्या ‘कादंबरी’ची एक कुमार-आवृत्ती माझ्याकडे तपासायला आली होती. तीत पोपट गाळलेला, शूद्रक राजा गाळलेला, उत्तरभाग दोन परिच्छेदांत उरकलेला. उरले होते चंद्रापीड-कादंबरीचे प्रथमदर्शनी प्रेम आणि शेवटी ‘नियतीने त्यांना एकत्र आणले’ हे वाक्य. मी हरकत घेतली, तरी पुस्तक तसेच छापले गेले. ते मला अजून सलते.

या कथेत नियती कुणाला एकत्र आणत नाही. महाश्वेतेच्या विरहात मरणारा पुंडरीक चांदण्याचा दाह सोसवेना म्हणून चंद्राला शाप देतो: तूही जन्म घेऊन असाच अपुऱ्या प्रेमाने मरशील. चंद्र उलटा शाप देतो. म्हणून चंद्र उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड होतो आणि पुंडरीक त्याचा मित्र वैशंपायन. पुढे तेच दोघे विदिशेचा शूद्रक आणि त्याच्या दरबारात आणलेला पोपट होतात. वाचकाला हे शेवटी कळते, कारण पोपट जाबाली ऋषींची कथा सांगतो, जाबालींच्या कथेत महाश्वेता स्वतःची कथा सांगते, आणि प्रत्येक कथेला आतून दुसरी जोडलेली असते. गुंता वाटेल, पण पोपट काढला की पुनर्जन्मच निघून जातो.

आता माझा जुना वाद. सातव्या शतकात, हर्षाच्या काळात लिहिणारा बाण ही कथा अर्धी टाकून गेला. चंद्रापीडाची परिचारिका पत्रलेखा त्याला कादंबरीची अवस्था सांगत असतानाच त्याचे लेखन थांबते. पुढचा भाग, म्हणजे उत्तरभाग, मुलाने, भूषणभट्टाने पुरा केला. (काही ठिकाणी त्याचे नाव पुलिंद असेही येते.) सज्जनांना अपुऱ्या कथेचे दुःख होते म्हणून लिहिले, कवित्वाच्या गर्वाने नाही, असे तो आरंभीच सांगतो. तरी पुनर्जन्माची गाठ मुलाने मागून मारली, असे वर्गात आणि व्याख्यानांनंतर मला ऐकावे लागते. पूर्वभाग नीट वाचा. चंद्रापीडाची आई, राणी विलासवती, हिच्या मुखात चंद्र शिरतो, असे स्वप्न राजा तारापीडाला पडते. वैशंपायनाची आई मनोरमा हिच्या मांडीवर पांढरे कमळ, म्हणजे पुंडरीक, ठेवले जाते, असे तिचा पती, मंत्री शुकनास, स्वप्नात पाहतो. पोपटाला पाहताच जाबाली म्हणतात की हा आपल्याच अविनयाचे फळ भोगतो आहे. पुंडरीकाचे प्रेत चंद्रबिंबातून आलेला पुरुष उचलून नेतो आणि महाश्वेतेला पुनर्मीलनाचे आश्वासन देतो. हे सारे बाणाचेच. आराखडा वडिलांचा होता, यात मला शंका नाही.

पोपटाला शूद्रकाच्या दरबारात आणणाऱ्या चांडालकन्येबद्दल मात्र माझे मन निश्चिंत नाही. ती लक्ष्मी, पुंडरीकाची आई, हा उलगडा उत्तरभागातच होतो. ‘कथासरित्सागरा’तल्या तशाच गोष्टीत निषादकन्या शापित नायिकाच आहे. तिच्या जागी आई आणण्याची कल्पना बापाची की मुलाची, हे ठरवायला पोथ्या मदत करत नाहीत.

आणि मुलाने काय लिहिले ते पाहा. वैशंपायन अच्छोद सरोवरावर येतो. काहीतरी हरवलेले आठवावे तसा भटकतो, परत जायला तयार होत नाही. रात्री तो महाश्वेतेकडे प्रेमाची याचना करतो. ती त्याला ओळखत नाही. पुंडरीकावाचून दुसरा पुरुष मनात न आणणारी ती तपस्विनी संतापाने शाप देते, पोपट हो. तो कोसळल्यावर तो चंद्रापीडाचा मित्र होता एवढे कळते. तोच पुंडरीक होता, हे आणखी नंतर. मित्र असा गेल्याचे ऐकून चंद्रापीडाचे हृदय फुटते आणि कादंबरी त्याचे न कुजणारे शरीर सांभाळत बसते.

‘मागच्या जन्मीची ओळख पटतेच’ या समजुतीवर चित्रपट निघतात, लोक पैसे मोजून पूर्वजन्म पाहायला जातात आणि दाखला म्हणून मला ‘कादंबरी’ सांगतात. तेव्हा मी थकते. इथे पुरुष मरतात, जन्मतात, विसरतात. महाश्वेता आणि कादंबरी त्याच देहात, त्याच आठवणींसह थांबतात. प्रेम टिकते ते त्यांच्यामुळे.

पाठ्यक्रमात मात्र बहुधा शुकनासाचा उपदेश तेवढा नेमतात. विद्यार्थी समास सोडवून मोकळे होतात. त्यांना अच्छोदावरची ती रात्र माहीतच नसते. संक्षेप करणाऱ्यांनी वर्णने हवी तितकी छाटावीत, बाण ते सोसेल. पण पोपट आणि तो शाप ठेवा. आणि वाचकांनी मराठी अनुवाद हाती घेताना त्यात उत्तरभाग आहे ना, हे आधी पाहून घ्यावे.