सहावी डिस्क

झेडएफएस या फाइल-सिस्टिमच्या पूलमधली, म्हणजे अनेक डिस्क मिळून केलेल्या साठ्यातली, एखादी डिस्क गेली, नवी लावून पुनर्बांधणी सुरू केली, की पडद्यावर ‘इतके तास बाकी’ असा अंदाज येतो. मी तो मनावर घेत नाही. आधी फुगतो, झपकन उतरतो, पुन्हा चढतो. माझा हिशेब वेगळा: ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीने सलग लिहिली, तर साडेसात तासांत भरते. अर्थात झेडएफएस फक्त जिवंत डेटा लिहितो, आणि तो विखुरलेला असला तर डिस्कचं वाचणारं डोकं उड्या मारत बसतं. सेकंदाला शंभरेक उड्या, प्रत्येकीत ४ केबी. अर्धा एमबीही होत नाही. लिनक्सवरच्या झेडएफएसच्या ०.८ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, वाचन आधी क्रमाने लावून घेतलं जातं, तेव्हा हा जाच बराच कमी झाला.

तरीही गाडी रखडली, तर पूलचा एकूण वेग बघून काही कळत नाही. रेड-झेड या मांडणीत हरवलेला तुकडा बाकीच्या डिस्कांवरून काढायचा असतो, त्यामुळे सगळ्यांना सर्वांत मंद डिस्कसाठी थांबावं लागतं. प्रत्येकीचा प्रतीक्षाकाळ वेगळा काढायचा. पाच जणी दहा-बारा मिलिसेकंदांत उत्तर देतात, सहावी आठशे लावते. मग तिची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली वही, उघडायची. त्यातला १९७ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर वाचता न येणारे सेक्टर साठताहेत, तीही जायच्या वाटेवर. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा. केबल स्वस्त असते, त्यामुळे १९९ दिसला की मला आनंदच होतो.

सगळ्यांत छळते ती ठणठणीत डिस्क. नॅससाठी, म्हणजे नेटवर्कवरच्या साठ्यासाठी, म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क एसएमआर होत्या आणि माहितीपत्रकात त्याचा उल्लेखच नव्हता, हे २०२० मध्ये उघड झालं. एसएमआर पद्धतीच्या डिस्कमधले ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात; मधलं एक बदलायचं तर पुढची ओळ हलवावी लागते. म्हणून अशी डिस्क नवं लिखाण आधी एका राखीव पट्ट्यात घेते आणि फुरसतीत जागेवर लावते. पुनर्बांधणीत फुरसत कुठली? सुरुवातीला वेग झकास, पट्टा भरला की सगळं ठप्प. स्मार्ट चाचणीत मात्र ती पास! अशा वेळी मॉडेल क्रमांक तपासण्यावाचून इलाज नाही.

मंद डिस्क लगेच उपटून काढायचा मोह होतो. एकच डिस्क गेलेली सोसणाऱ्या रेड-झेड१ मध्ये एक आधीच गेलेली असताना तो जीवघेणा आहे. ती रखडत का होईना, डेटा देते आहे. मी पूलवरची बाकी कामं थांबवतो, गरजेची फोल्डरं दुसरीकडे उतरवतो. आणि बदलायची डिस्क थोडीफार चालत असेल, तर तिला शेवटपर्यंत जोडलेलीच ठेवतो. झेडएफएस तिच्याकडूनही जमेल तेवढं वाचून घेतो.