सोळा जण, सहा केबिन

"हॉल नको, मांडव नको, बुंदी तर नकोच नको. मले बोट पाहाची हाये."

आबाजींनी एवढंच सांगितलं आणि फोन आजीच्या हातात दिला. आबाजी म्हणजे माझे आजोबा. जिल्हा परिषदेच्या शाळेतले रिटायर्ड हेडमास्तर, मुक्काम यवतमाळ. त्यांना एक्याऐंशीवं लागलं आणि सहस्रचंद्रदर्शन कुठे करायचं यावर घरात महिनाभर खल चालला होता. तो त्यांनी एका वाक्यात निकालात काढला.

आता यवतमाळचा आणि बोटीचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. काहीही नाही! आमच्याकडचं मोठ्ठं पाणी म्हणजे बेंबळ्याचं नाहीतर इसापूरचं धरण. समुद्र बघायचा तर आधी गाडी करून धामणगाव गाठा, तिथून रात्रभर विदर्भ एक्सप्रेस, तेव्हा कुठे मुंबई. कोकणातल्या माणसाला बोटीचं कौतुक नसतं, त्याच्या आजोबांनीच मुंबई-गोवा आगबोटीच्या फेऱ्या केलेल्या असतात. ती आगबोट बंद पडली, मग २०१८मध्ये 'आंग्रिया' आली, २०२१च्या सप्टेंबरपासून 'एम्प्रेस' मुंबईहून सुटायला लागली. आबाजी या सगळ्या बातम्या पेपरात वाचत होते आणि कात्रणं ठेवत होते. आम्हाला पत्ताच नव्हता.

घरातली 'कॉम्प्युटरवाली' मी. पुण्यात आयटीत, वय एकोणतीस, लग्न नाही (हा मुद्दा पुढे येणार आहे). त्यामुळे बुकिंग आपोआपच माझ्या गळ्यात. मला काही वाटलंही नाही. ऑफिसात चाळीस जणांच्या टीमची बसायची व्यवस्था मी एका दुपारी लावली होती. इथे तर सोळाच माणसं! एक्सेल उघडली आणि नावं टाकायला लागले. आबाजी-आजी. आई-बाबा. काका-काकू, त्यांची कॉलेजातली मुलगी आणि चौदा वर्षांचा मुलगा. पुसदहून आत्या-आतोबा. दादा-वहिनी आणि त्यांची दोन पिल्लं, नऊ आणि सात. झाले चौदा. पंधरावी मी. सोळावी मोठी आई.

मोठी आई म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको, दादाची आई. १९९९ साली मोठे बाबा गेले तेव्हा ती बत्तीसची होती.

आधी थोडं केबिनचं शास्त्र सांगते, तुमच्यावरही कधीतरी ही वेळ येईल. क्रूझवरच्या खोल्या साधारण चार प्रकारच्या. आतली, म्हणजे जिला खिडकीच नाही, ती सगळ्यात स्वस्त. मग खिडकीवाली. मग बाल्कनीवाली. आणि मग स्वीट, ज्याचा दर वाचून मी लॅपटॉप मिटला. दर धरतात दोन माणसांचा. तिसरा आणि चौथा त्याच खोलीत स्वस्तात येतो, पण तो झोपणार भिंतीतून किंवा छतातून खाली ओढायच्या बर्थवर, शिडी चढून. आणि एकटा माणूस? त्याला बहुतेक ठिकाणी जवळजवळ दोघांचे पैसे पडतात. एकट्याने राहण्याचा दंडच म्हणा ना.

मी हे सगळं फोनवर समजावून सांगितलं तर आबाजी म्हणाले, "कायले एवढा हिशेब? पुरुषांची एक खोली, बायकांची एक, पोट्ट्यांची एक. सतरंज्या टाकून देऊ."

मंगल कार्यालय! आमच्या पिढ्यान् पिढ्या अशाच झोपल्यात. पण जहाजावर सतरंजी चालत नाही. कोणत्या खोलीत जास्तीत जास्त किती माणसं, ते ठरलेलं असतं. आणि जहाजाच्या त्या भागातल्या लाइफबोटींत जागा आहे त्यापेक्षा जास्त माणसं तिथे घेत नाहीत, मग एखादी खोली अर्धी रिकामी राहिली तरी. आबाजींना हे एकदम पटलं. "बरोबर हाये. बुडाची पाळी आली तर सतरंजीवाल्याले कोण घेईन?"

अटी अजूनही होत्या. प्रत्येक केबिनमध्ये एक तरी मोठं माणूस हवं. आजीला मळमळतं, म्हणजे तिची खोली जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर, तिथे हलणं कमी. शेजारच्या खोल्या आणि आतून दार असलेल्या खोल्या या दोन वेगळ्या गोष्टी, आणि दुसऱ्या प्रकारच्या मोजक्याच असतात. तीन दिवस रंग भरभरून मी प्लॅन काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला.

आबाजी-आजी आणि वरच्या बर्थवर मी. आई-बाबा आणि वर काकांची मुलगी. दादा-वहिनी. काका-काकू. आत्या-आतोबा. आणि सहाव्या केबिनमध्ये, खिडकी नसलेल्या, मोठी आई आणि तिन्ही पोट्टे.

काय स्वागत झालं म्हणता! अंगठे, टाळ्या, बदाम. वहिनीने तर तीन-तीन बदाम पाठवले. सगळ्या जोडप्यांना स्वतंत्र खोली, मुलांची सोय लागलेली, 'एक मोठं माणूस' ही अटही पूर्ण. मोठ्या आईचं मत काकूने विचारून कळवलं, "त्या म्हणतात, मले कुठीही चालते." मी तिच्या नावापुढे हिरवा रंग भरला.

दोन दिवसांनी रात्री दहाला फोन वाजला. मोठी आई. ती स्वतःहून कधी फोन करत नाही. घरातला फोन फिरत फिरत तिच्याकडे जातो, आणि ती "जेवली का" विचारून पुढे सरकवते.

"झोपली होती का बाई?"

"नाही गं. बोल ना."

"काही नाई. एक विचारू? त्या खोलीले खिडकी हाये का?"

मी म्हटलं, नाही, ती आतली आहे, पण वर डेकवरून सगळं दिसतं, दिवसभर बस की तिथे.

"हो हो. डेकवरून दिसते नं, मंग झालं. मी अशीच विचारलं. रात्री समुद्र कसा दिसते म्हटलं. झोप तू."

फोन ठेवला. मला झोप काही येईना.

मी आमचं यवतमाळचं घर डोळ्यांसमोर आणलं आणि एक्सेलसारखंच खोल्या मोजायला लागले. समोरची आबाजी-आजींची. मागची आई-बाबांची. तिच्या शेजारची काका-काकूंची, ती आधी मोठे बाबा आणि मोठ्या आईची होती. काकाचं लग्न ठरलं तेव्हा तिने ती दिली. कोणी मागितली नव्हती, असं आई सांगते. दादाची वरची, वहिनी आल्यावर बांधलेली. आणि वरचीच माझी, दहावीच्या अभ्यासासाठी केलेली. मोठी आई मधल्या खोलीत. जिथून सगळे बाथरूमला जातात, जिथे पाहुण्यांच्या बॅगा ठेवतात, जिथे मी, काकाची दोन्ही मुलं आणि आता दादाची पिल्लं अशी सगळी पोरं एकामागून एक तिच्या कुशीत झोपून मोठी झाली. त्या खोलीला खिडकी नाही.

म्हणजे मी काय केलं होतं? घरातली व्यवस्था जशीच्या तशी उचलून समुद्रावर नेली होती. रंग भरून!

आणि गंमत बघा, त्या फॉर्मच्या दृष्टीने बिनजोडीची माणसं दोनच होती, ती आणि मी. मला कोणी "कुठीही चालते" म्हणायला लावलं नव्हतं. मी पगार मिळवते, बुकिंग करते. तरी मीसुद्धा स्वतःला आजीच्या डोक्यावरच्या बर्थवर टाकून दिलं होतं, कारण दोन माणसांची खोली म्हणजे नवरा-बायको, हे माझ्याही डोक्यात फिट बसलेलं.

रात्री बाराला प्लॅन बदलला. केबिन सहाच, माणसं सोळाच. दादा-वहिनी आणि त्यांची दोन. काका-काकू आणि त्यांची दोन. बाकी जोडपी जोडपी. आणि एक खिडकीवाली, मी आणि मोठी आई. फरकाचे पैसे मी भरले.

या वेळी बदाम आले नाहीत. काका म्हणाला, "अगं, चौघं एका खोलीत म्हणजे आपली शकुंतलाच झाली की!" आमची ती मूर्तिजापूरची नॅरोगेज गाडी बंद पडली, पण गर्दीला उपमा म्हणून अजून धावते. वहिनी काही बोलली नाही, आणि ते जास्त लागलं. लग्नाला दहा वर्षं झाली, दोघांची अशी पहिलीच सुट्टी. तिची काही चूक नव्हती. एकाला खिडकी द्यायची तर कोणाची तरी सोय जातेच, हे कुठलंच ट्रेनिंग शिकवत नाही. सगळ्यात मोठा विरोध मोठ्या आईचाच. "माह्यापायी कायले? लोक काय म्हणतीन?" मी खोटं बोलले, "आता बदलता येत नाही."

डिसेंबरात निघालो. रेल्वेत एका तिकिटावर सहाच नावं, म्हणून तीन तिकिटं. लोअर बर्थवरून झालेली भांडणं हा वेगळा लेख होईल. सकाळी सीएसएमटी, तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर. सुटण्याआधी सुरक्षेचं ड्रिल झालं. आबाजींनी शाळेच्या प्रार्थनेसारखी सगळ्यांची रांग लावली आणि सोळा मोजले. दोनदा.

पहिल्या रात्री साडेदहाला आमच्या दारावर टकटक. दादाची दोन्ही पिल्लं, काखेत उशा. "मोठी आजी, तुझ्याजवळ झोपायचं." मी बाजूला सरकले. मला माहीत होतं आता काय होणार.

मोठी आई पलंगावरून उठलीच नाही. "आज नाई रे राजा. आज आपल्या मायजवळ जा. उद्या या."

पोरं गेली. तिने दिवा बंद केला आणि खुर्ची खिडकीशी ओढली. बाहेर काय होतं? काळोख. लांब कुठेतरी मासेमारी बोटींचे दोन-तीन दिवे, आणि जहाजाच्या उजेडात पांढरा फेस मागे जात होता. मी अकराला झोपले. तीनला जाग आली तेव्हा ती तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने स्वतःच वहिनीला सांगितलं, "तुम्ही दोघं जा त्या नाचगाण्याले. पोट्टे पाह्यते मी." त्या रात्री आमच्या केबिनमध्ये चौघंजण खिडकीला नाक लावून बसलो होतो. वहिनीने परत येताना माझा हात दाबला. बदामापेक्षा ते बरं वाटलं.

इथे लेख संपला असता तर मी फार छान ठरले असते. पण परतल्यावर, यवतमाळला, मी पुण्याची बस पकडायच्या आधी मोठी आई चहा घेऊन वर आली. माझी खोली उघडी होती. इंजिनीअरिंगची पुस्तकं, जुन्या बॅगा, भिंतीवरचं पोस्टर. सात वर्षं कुलूप.

"तुही खोली रिकामीच राह्यते नं?" तिने विचारलं. "वारं चांगलं येते इथं."

खरं सांगते, पोटात एकदम खड्डा पडला. माझी खोली! जहाजावर तीन रात्रींचे पैसे भरणं फार सोपं होतं. मी खिडकीकडे बघत चहा संपवला. मग किल्ली तिच्या हातात दिली आणि पोस्टर काढायला स्टुलावर चढले.

"राहू दे ते," ती म्हणाली. "तू आली की तुलेही लागन."