सेहेचाळिसाव्या वर्षी दात सरळ करताना

माझ्या दवाखान्यात दातांचा विषय सहसा निघत नाही. मी फॅमिली डॉक्टर. ताप, शुगर, बीपी, गुडघे, हे माझं रोजचं काम. पण गेल्या वर्ष-दीड वर्षात कितीतरी पेशंटनी मध्येच थांबवून विचारलं, "मॅडम, तुमच्या दातांवर ते काय चमकून राहिलं?" काहींना वाटलं कवळी बसवली. एका आजींनी तर सहानुभूतीने हातच धरला. प्रत्येकाला दोन मिनिटांत सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

ते पारदर्शक अलायनर होते. दात सरळ करण्यासाठी तारांऐवजी वापरतात ते पातळ प्लास्टिकचे साचे.

माझ्या खालच्या पुढच्या चार दातांनी लहानपणापासून रांग सोडलेली होती आणि वर एक सुळा बाहेर आलेला. आत्या म्हणायची, दातावर दात म्हणजे भाग्याचं लक्षण. दहावीच्या आधी बाबा मला मेडिकलच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात घेऊन गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी तारा लावायला सांगितल्या आणि जागा करण्यासाठी चार उपदाढा काढाव्या लागतील असंही सांगितलं. घरी आल्यावर आजी म्हणाली, "पोरीचे चांगले दात काढता?" विषय तिथेच संपला. पुढे फोटोत ओठ मिटून हसायची सवय लागली आणि मोठ्याने हसू आलं की हात आपोआप तोंडावर जायचा. ही सवय इतकी अंगवळणी पडली होती की मला ती कळायचीही नाही. कोविडच्या दोन वर्षांत मास्कमागे मी किती मोकळी हसत होते, हे मास्क उतरल्यावर लक्षात आलं.

शिवाय दात आणखी वाकडे होत चालले होते. हा माझा भास नव्हता. वय वाढतं तसे खालचे पुढचे दात बहुतेकांचे थोडेफार दाटत जातात. लोक अक्कलदाढेला दोष देतात, पण अक्कलदाढ काढलेल्यांचेही दाटतात. दाटीत ब्रश पोचत नाही, कीटण साठतं. ब्रश करताना बेसिनमध्ये गुलाबी थुंकी दिसायची. मी टूथपेस्ट बदलली. डॉक्टर असून!

आता कबुली. मला चाळिशीपासून डायबेटिस आहे, गोळ्या सुरू आहेत. आणि दात सरळ करायचं ठरल्यावर मी सगळ्यात आधी उघडला मोबाईल. दातांचे फोटो पाठवा, साचा घरच्या घरी घ्या, अलायनर कुरियरने येतील, अशी एक जाहिरात होती. अर्धा फॉर्म भरूनही झाला होता. वेळ वाचत होता, पैसेही कमी पडत होते. सहज म्हणून कॉलेजच्या दिवसांपासूनच्या एका मैत्रिणीला फोन केला. ती ऑर्थोडोंटिस्ट आहे, म्हणजे बीडीएसनंतर आणखी तीन वर्षं फक्त दात-जबड्यांची ठेवण शिकलेली. ती एवढंच म्हणाली, "आधी एक्स-रे काढ, मग काय ते ऑर्डर कर."

एक्स-रेत दिसलं की खालच्या पुढच्या दातांच्या मुळांभोवतीचं हाड झिजून खाली गेलंय. हिरडी आणि दात यांच्यातल्या खोबणीची खोली निरोगी माणसात साधारण ३ मिलिमीटरपर्यंत असते. माझ्या दोन दातांजवळ ती ५ होती. आपण ज्याला पायोरिया म्हणतो, त्याचीच ही सुरुवात.

याचं महत्त्व समजायला दात हलतो कसा ते कळायला हवं. दात हाडात सिमेंटने बसवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची एक पातळ गादी असते. दाताला सतत हलका दाब दिला की ज्या बाजूला तो ढकलला जातो तिथलं हाड शरीर विरघळवतं आणि मागे मोकळ्या झालेल्या बाजूला नवं हाड घालतं. तार असो की अलायनर, दोन्हींत घडतं ते हेच, आणि ते साठाव्या वर्षीही घडतं. मोठेपणी दात सरळ होत नाहीत हा समज चुकीचा आहे. पण हिरडीला सूज असताना दाब दिला तर हाड विरघळण्याचं काम जोरात होतं आणि नवं बनण्याचं मागे पडतं. दात सरळ होतात आणि हलायला लागतात. माझं तेच झालं असतं, आणि घरी घेतलेल्या साच्यात यातलं काहीच दिसलं नसतं.

अमेरिकेत स्माईलडायरेक्टक्लब नावाची अशीच घरपोच अलायनर देणारी मोठी कंपनी होती. डिसेंबर २०२३ मध्ये ती बंद पडली आणि उपचार अर्धवट असलेले लोक तसेच राहिले.

मला मात्र त्या दिवशी वेगळीच गोष्ट टोचली. मी वीस वर्षं डायबेटिसच्या पेशंटचे पाय तपासते, डोळे तपासून घ्यायला पाठवते. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या शुगर आवरू देत नाहीत, हे मला पुस्तकातून पाठ होतं. किती जणांना मी तोंड उघडायला सांगितलं होतं? घसा बघण्यापुरतं. आता टॉर्च हिरड्यांवरही फिरते.

अलायनर चार महिने लांबले. हिरड्यांखालची सफाई झाली, माझी शुगर जागेवर आली, खोबणी ३ मिलिमीटरवर आली. मग तोंडाचं स्कॅन. छोटा कॅमेरा दातांवरून फिरवतात आणि स्क्रीनवर आपले दात एकेक करून रांगेत येताना दिसतात. पाहायला मोठी मजा येते, पण ते कॉम्प्युटरचं नियोजन असतं, वचन नव्हे.

ही कल्पना तशी जुनी आहे. केसलिंग नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १९४५ मध्येच साच्याने दात थोडे सरकवण्याची पद्धत मांडली होती. पण प्रत्येक पायरीचा साचा हाताने बनवणं कोणाला परवडणार? १९९७ मध्ये झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी कॉम्प्युटर आणि थ्री-डी प्रिंटिंगची जोड दिली, आणि इन्व्हिजलाइन जन्माला आलं. चिश्तींनी स्वतः मोठेपणी तारा लावल्या होत्या.

माझे साचे बावीस होते. एक साचा दाताला जेमतेम पाव मिलिमीटर हलवतो. दर दहा-चौदा दिवसांनी पुढचा. पकड मिळावी म्हणून काही दातांवर दाताच्याच रंगाचे, तांदळाच्या कणीएवढे उंचवटे चिकटवतात. पेशंटना चमकताना दिसायचे ते बहुधा हेच. जागेसाठी माझ्या उपदाढा काढाव्या लागल्या नाहीत. पुढच्या दातांच्या फटीत पट्टी घासून इनॅमल किंचित कमी केलं, दर फटीत अर्ध्या मिलिमीटरच्या आत. सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. दाटी फार असेल तर दात काढावेच लागतात.

नवा साचा घातला की दोन दिवस दात ठणकतात. पहिला आठवडाभर माझा स आणि श एकमेकांत मिसळला होता. "साखर किती आहे?" विचारताना पेशंट हसू दाबायचे. खरा त्रास वेगळाच. अलायनर दिवसातून २० ते २२ तास तोंडात हवेत. म्हणजे खाणं, चहा, ब्रश मिळून उरतात दोन-चार तास. गरम चहाने साचा वाकतो आणि गोड चहा आत अडकला तर दात किडतात. दवाखान्यात माझे दिवसाला सहा चहा व्हायचे, ते दोनवर आले. रविवारचे तर्री-पोहे सुटले नाहीत, पण नंतर घासल्याशिवाय साचा घालायचा नाही. एकदा घाईत घातला तर दुपारपर्यंत हळदीने पिवळा. मे महिन्यात साच्याची डबी गाडीत ठेवू नका हे मात्र मला आधीच सांगितलं होतं.

आणि इतवारीतलं ते लग्न. जेवताना साचे काढले, डबी घरी राहिली होती, पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून ताटाशेजारी ठेवले. सावजी रस्सा संपेपर्यंत पोऱ्याने सगळं टेबल साफ केलेलं. कार्यालयामागे मोबाईलच्या उजेडात दोन बादल्या उपसल्या, मिळाले नाहीत. मैत्रिणीने आधीचा जोड पुन्हा घालायला सांगितला. म्हणून जुना जोड फेकायचा नसतो.

खर्रा खाणाऱ्यांसाठी थोडं. एक बत्तिशीतला मुलगा माझे अलायनर पाहून म्हणाला, मलाही लावायचे. म्हटलं, आधी तीन बोटं उभी तोंडात घालून दाखव. त्याची दोनच गेली. तंबाखू-सुपारीने गालाच्या आतलं अस्तर आखडतं आणि तोंड उघडणं कमी होत जातं. हा आजार पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो. त्याला दात सरळ करायला नाही, तपासणीसाठी दंत महाविद्यालयात पाठवलं.

बाविसावा साचा संपला तेव्हा खालचा एक सुळा तिरकाच होता. गोलसर दात फिरवणं अलायनरला जड जातं, प्लास्टिक निसटतं. पुन्हा स्कॅन, आणखी आठ साचे. एकूण सोळा महिने. तारांनी हा सुळा कदाचित लवकर फिरला असता. प्रत्येक वाकड्या दाताला अलायनर हे उत्तर नाही, आणि खर्चही तारांपेक्षा बहुधा जास्तच येतो.

दात रांगेत आल्यावर खालच्या दोन दातांमध्ये हिरडीजवळ एक काळं त्रिकोणी भोक दिसू लागलं. मोठ्या वयात, हाड झिजलेलं असलं की असं होतं. दाटीमुळे ते आधी झाकलेलं असतं. मला हे सुरुवातीलाच सांगून सही घेतली होती, तरी पहिल्यांदा आरशात पाहिलं तेव्हा वाईट वाटलं. त्यात पोळीचा कण अडकतो. बारीक ब्रश पर्समध्ये असतो.

आईला मोठ्या उत्साहाने दाखवलं. चष्मा लावून तिने नीट पाहिलं आणि म्हणाली, "मला तर काही फरक दिसून नाही राहिला. पण तू हात काहून नाही ठेवत तोंडावर आता?"

आता रात्री रिटेनर. कधीपर्यंत, असं विचारलं तर मैत्रीण म्हणते, दात आहेत तोपर्यंत. दिवाळीत गावाला जाताना विसरले होते. तीन आठवड्यांनी घातला तर आवळून बसला, दोन रात्री दात दुखले. हिरड्यांची तपासणी दर चार महिन्यांनी असते, पुढची जानेवारीत आहे.